तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मधलं चित्र

इथे लोकांनी लिहिलेले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात मार्क देत असते – हे रचलेलं, हे अर्धवट झोपेतलं, हे तापातलं. शिक्षिका आहे, सवय जात नाही. माझ्या घरात कोणाला उचकी लागली तर मी पाणी देते, कोण आठवण काढतंय याचा विचार करत नाही. सासूबाई होत्या तोवर दारावर लिंबू-मिरची लागायची. त्या गेल्यावर मी ती बंद केली आणि काही बिघडलं नाही. त्यामुळे मी आता जे लिहिणार आहे त्याला तुम्ही किती मार्क द्याल ते मला माहीत आहे. द्या. मीही तेवढेच दिले असते.

यात घाबरण्यासारखं काही नाही, हेही आधीच सांगते. मला एकदाही भीती वाटली नाही. मला राग आला. अजून येतो.

मी डहाणूत एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. वीस वर्षं झाली. आमच्याकडची गंमत अशी की इथल्या झोपड्यांच्या भिंतींवरची चित्रं जगभर गेली, पण आमच्या मुलांना प्रदर्शन बघायचं असेल तर मुंबई गाठावी लागते. चित्रं काढणारे इथे कमी नाहीत. तलासरीजवळच्या एका पाड्यावर रमेशभाऊ राहतात, वारली चित्रं काढतात. त्यांची चित्रं परदेशात लागलीत, पण डहाणू स्टेशनवर त्यांना कोणी ओळखत नाही. केतनभाईंचा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंवर घर चालतं, आणि पहाटे उठून किनाऱ्याचे फोटो काढतात ते स्वतःसाठी. असे आम्ही नऊ जण जमलो, एकत्र प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि त्याची सगळी उस्तवार माझ्या गळ्यात पडली. कारण मला ‘नाही’ म्हणता येत नाही आणि माझं अक्षर चांगलं आहे.

जागा मात्र मीच सुचवली होती. खाडीच्या अंगाला जुनी मीठ कचेरी आहे. इंग्रजांच्या वेळची, दगडी. मिठागरांचा कारभार इथून चालायचा. खाली गोदाम, आणि लाकडी जिना चढून गेलं की वर एक लांबलचक हॉल, खाडीकडे सहा मोठ्या खिडक्या. मधल्या काळात ती बंदच होती. दोनेक वर्षांपूर्वी छप्पर दुरुस्त झालं, रंग लागला आणि पुन्हा कुलूप लागलं. मला वाटायचं, आपल्या गावात एवढा उजेड असलेली दुसरी खोली नाही.

परवानगीला सात महिने लागले. एक टेबल म्हणायचं वास्तू आमच्या ताब्यात नाही, दुसरं म्हणायचं ताब्यात आहे पण अधिकार नाही. शेवटी मिळाले तीन दिवस. शुक्रवार ते रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. भिंतींना इजा करायची नाही, आणि अभिप्रायाची वही शेवटी कार्यालयात जमा करायची. ‘लोकांचा प्रतिसाद बघू. चांगला असला तर दरवर्षी हॉल द्यायचा विचार करू,’ असं साहेब म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी पुढचं सगळं सोसलं.

सोसलं म्हणजे काय, तर सगळ्यांना खाडीकडचीच भिंत हवी होती. उजेड तिथे. मी टेप घेऊन भिंत मोजली, खडूने खुणा केल्या, प्रत्येकाला सारखी जागा दिली, तरी दोघं माझ्याशी बोलेनासे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या खिडकीच्या मधली तीनेक फुटांची पट्टी मात्र मी कोणालाच दिली नाही. तिथला गिलावा फुगला होता. बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला यायची. “मिठाची भिंत आहे मॅडम, कितीही रंगवा, मीठ बाहेर येतंच,” तिथले शिपाईकाका म्हणाले. खिळा धरत नव्हता. म्हणून ती पट्टी रिकामी सोडली. तिच्या उजव्या हाताला माझं स्वतःचं मोठं तैलचित्र लावलं – भरतीच्या वेळची खाडी. चार महिने घालवले होते त्याच्यावर.

शुक्रवारी सकाळी उद्घाटन झालं. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आले होते. त्यांनी हॉलमधून एक फेरी मारली आणि माइक हातात घेतला. रमेशभाऊंचं नाव चुकीचं घेतलं, माझं घेतलंच नाही. मग म्हणाले, “पण मला सगळ्यात आवडलं ते बोंबील वाळत घालणाऱ्या मुलीचं चित्र. नुसत्या पेन्सिलीत एवढा जिवंतपणा! मला माझं बालपण आठवलं.”

टाळ्या पडल्या. केतनभाई माझ्या कानाशी कुजबुजले, “मनीषाबेन, ए कोनुं छे?”

मी म्हटलं, “कोणाचंच नाही. पाहुणे कधी नीट बघतात का? दुसरीकडे कुठेतरी बघितलं असेल, ते इथे खपवलं.”

आम्ही हसलो. विषय तिथे संपायला हवा होता.

दुपारी बोईसरच्या कॉलेजमधल्या तीन मुली आल्या. जाताना विचारलं, “मॅम, त्या बोंबीलवाल्या मुलीचं चित्र कोणी काढलंय? खाली नाव नाहीये.” मी म्हटलं असं चित्र इथे नाही. त्या एकमेकींकडे बघून हसल्या – मास्तरीण विसरभोळी आहे असं काहीतरी – आणि निघून गेल्या. मग एक नवरा-बायको. मग एक रिक्षावाला, जो खरं तर सावलीला आला होता.

चारच्या सुमाराला चारोटीहून एक गृहस्थ आले. हायवेवर त्यांचं हॉटेल आहे. त्यांनी सरळ विचारलं, “मॅडम, ते पेन्सिलचं चित्र मला हवंय. हॉटेलात काउंटरच्या मागे लावायला. ती पोरगी मागे वळून बघते ना, ते.”

आता मात्र मी खुर्चीवरून उठले. “चला, दाखवा मला कुठे आहे.”

ते मला घेऊन गेले आणि तिसऱ्या नि चौथ्या खिडकीच्या मध्ये उभे राहिले. समोर रिकामी पट्टी. फुगलेला गिलावा, त्याच्यावर मिठाचे डाग.

“हे काय.”

“इथे काही नाहीये,” मी म्हटलं.

“मॅडम, समोर तर आहे.”

“अहो, भिंत आहे ही!” मी पुढे झाले आणि भिंतीवर तळहात ठेवला. ओलसर, थंड. हाताला पांढरं लागलं.

ते गृहस्थ जवळजवळ ओरडलेच, “हात नका लावू! पेन्सिल आहे, पुसेल!”

त्यांच्या चेहऱ्यावरचं खरंखुरं वाईट वाटणं बघून मी हात काढून घेतला.  बाकी सगळा दिवस माझ्या मोठ्या तैलचित्राला ओलांडून लोक शेजारच्या रिकाम्या भिंतीसमोर उभे राहत होते, आणि मी ते बघत होते.

सहा वाजता दार लावून मी अभिप्रायाची वही उघडली. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या गावची माणसं. ‘बोंबीलवाली मुलगी खूप आवडली.’ ‘त्या मुलीचं हसू.’ एकाने गुजरातीत लिहिलं होतं, ते केतनभाईंनी वाचून दाखवलं – दोरीवर हात वर केलेली छोकरी बघून माझी बहीण आठवली. आम्हा नऊ जणांच्या चित्रांबद्दल सगळ्या वहीत मिळून चार ओळी होत्या, त्यातल्या दोन आमच्या नातेवाइकांच्या.

मी केतनभाईंवर घसरले. “तुम्ही प्रोजेक्टर वगैरे लावलाय का कुठे? असली गंमत मला आवडत नाही.”

ते दुखावले. “बेन, भर उजेडात प्रोजेक्टर दिसतो का? तुम्ही आर्ट टीचर आहात, एवढं तर तुम्हाला माहीत असायला हवं.”

मला माहीत होतं. पण कोणावर तरी चिडायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी ठरवलं, शहानिशा करायचीच. येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्र दिसायचं असंही नव्हतं. काही जण त्या पट्टीवरून नजर न थांबवता पुढे जायचे. पण आम्हा नऊ जणांपैकी एकालाही ते दिसत नव्हतं, आणि हे मला फार लागलं. केतनभाईंनी प्रदर्शन बघायला आलेल्या एका मुलीचा त्या भिंतीसमोर फोटो काढला. फोटोत मुलगी आणि मागे डागाळलेली भिंत. तिला दाखवला तर म्हणाली, “खिडकीच्या उजेडाने चित्र उडालंय.” आणि स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा समोर बघून म्हणाली, “पण आहे किती छान!”

मग मी कागद घेतला. चित्र दिसतंय म्हणणाऱ्या पाच जणांना वेगवेगळं बाजूला घेतलं, एकमेकांशी बोलू दिलं नाही, आणि विचारून विचारून काढत गेले. दहा-अकरा वर्षांची मुलगी. चवड्यांवर उभी. दोन्ही हात वर, दोरीला बोंबील लावतेय. डाव्या खांद्यावरून मागे बघतेय. ओठ घट्ट दाबलेले, कारण हसू आवरत नाहीये. फ्रॉकला पाठीवर ठिगळ. पाचही जणांनी ठिगळ सांगितलं. मी एकाला मुद्दाम विचारलं, “ठिगळ उजव्या बाजूला ना?” तो म्हणाला, “नाही, मधोमध. चौकोनी.” बाकी चौघांनीही चौकोनीच सांगितलं होतं.

पाचव्या बाईंना मी माझं रेखाटन दाखवलं. त्यांनी ते हातात धरलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. “सगळं आहे,” त्या म्हणाल्या, “पण ती नाही.”

वीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर हेच लिहीत आले आहे. माप बरोबर, जीव नाही.

रमेशभाऊ माझ्याशेजारी चहाचा कप घेऊन उभे होते. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, “मॅडम, माझ्या बाईला पण दिसलं. काल आली होती ना तलासरीहून, तेव्हा. मी तुम्हाला बोललो नाही, तुम्ही आधीच तापलेल्या होता.”

“आणि तुम्हाला?”

“मला नाही दिसत.”

“मग राग नाही येत तुम्हाला? तुमची एवढी चित्रं लागलीत आणि लोक रिकामी भिंत बघतायत!”

त्यांनी जरा विचार केला. “आमच्यात लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात तो लोकांनी बघावा म्हणून लिहीत नाहीत. ज्याच्यासाठी लिहिला त्याने यावं म्हणून लिहितात. बाकीचे बघतात, ते बघतात.”

आमच्याकडे वारली लोक चित्र ‘काढलं’ म्हणत नाहीत, ‘लिहिलं’ म्हणतात. एरवी मी हे शाळेत मुलांना कौतुकाने सांगते. त्या वेळी मात्र मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, “रमेशभाऊ, मला परवानगीचं बघायचंय,” आणि तिथून निघून गेले.

शनिवारी दुपारी बाजार उठल्यावर सुनंदा आली. सुनंदा धाकट्या डहाणूची. मी वर्षानुवर्षं तिच्याकडून मासे घेते. मीच तिला ये म्हणून बोलावलं होतं. पाटी खाली ठेवून, हात धुऊन, पदर नीट करून ती वर आली. तिला या भानगडीतलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती एकेक चित्र बघत आली, माझ्या खाडीजवळ थांबून “आपली खाडी” म्हणाली – मला बरं वाटलं – आणि मग एक पाऊल डावीकडे सरकून भिंतीच्या अगदी जवळ गेली.

“मॅडम,” ती म्हणाली, “आमच्या सासूचं चित्र कोणी काढलं?”

माझा तोल गेला. “सुनंदा, तू पण?”

“नाही पण… ही आमची सासूच आहे. लहानपणची. अशीच हसते ती, ओठ दाबून. आणि हे बघा, आमच्या मोठ्या मुलीची पाठ पण अशीच.” तिने भिंतीकडे बोट केलं, पण हात लावला नाही. “तिला आणते उद्या.”

“कशाला आणतेस? म्हाताऱ्या माणसाला एवढा जिना चढवून…”

“चढेल ती,” सुनंदा म्हणाली.

रविवारची सकाळ सगळ्यात वाईट गेली. आदल्या दिवशी कोणीतरी एका स्थानिक बातमीदाराला कळवलं होतं. त्याने छोटीशी बातमी दिली, तीही त्या चित्राबद्दल. ‘अज्ञात कलाकाराच्या चित्राचे गूढ.’ आमच्यातल्या कोणाचंही नाव नाही. दहाच्या आधीच आम्ही नऊ जण हॉलमध्ये उभे राहून भांडत होतो. एक जण म्हणाला की हे सगळं मीच पसरवलं, माझ्या चित्राशेजारची जागा आहे म्हणून. ज्यांनी भिंतीवरून अबोला धरला होता ते आता बोलायला लागले, आणि काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मी खिळा आणि हातोडी घेतली. परवानगीतली अट गेली खड्ड्यात. त्या पट्टीवर माझंच एखादं लहान चित्र ठोकायचं आणि विषय संपवायचा. पहिला घाव घातला. गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा सुटून खाली पडला, मिठासारखा फुटला. खिळा वाकला. दुसरा खिळा घेतला, तोही वाकला. माझ्या हातावर, साडीवर पांढरी भुकटी. आणि तेवढ्यात जिन्यावर आवाज आला.

सुनंदाची सासू, जमनामावशी, बसत बसत जिना चढत होती. एक पायरी, थांबायचं, पुढची पायरी. पंचाहत्तरीच्या पुढची असेल. सुनंदा मागून हात धरून होती. वर पोचल्यावर ती दम घेत उभी राहिली, तेव्हा मी, हातात हातोडी घेऊन, तिला म्हणाले – आणि हे मला आजही टोचतं – “मावशी, उगाच चढलात. तिथे काही नाहीये. लोकांना भास होतोय.”

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल मागितलं. केतनभाईंनी दिलं. ती त्या पट्टीसमोर बसली आणि बघत राहिली. भांडणारे सगळे मागे येऊन उभे राहिले.  खिडकीतून खाडीवरच्या होड्यांचे आवाज येत होते. मी तिचा चेहरा बघत होते, कारण भिंतीवर मला बघायला काही नव्हतं. तिने ओठ दाबले. हसू आवरत नव्हतं तिला.

“दाखवलं म्हणायचं एकदाचं,” ती म्हणाली.

“कोणी मावशी?” मी विचारलं.

मग तिने सांगितलं, सावकाश, भिंतीवरची नजर न काढता. ती लहान असताना कचेरीच्या खालच्या मोकळ्या जागेत त्यांचे बोंबील वाळायचे. वर या खिडकीत एक तरुण कारकून बसायचा, बाहेरगावचा. डबा खाऊन झाला की कागदावर काहीतरी काढायचा. एकदा त्याने वरून हाक मारली, “ए मुली, हलू नकोस.” तिला वाटलं साप आहे. ती हात वर करून तशीच उभी राहिली. मग कळलं की हा चित्र काढतोय, तर हसू फुटायला लागलं, आणि तो ओरडला, “हसू पण नकोस.” तीन दुपारी ती अशी उभी राहिली. हात भरून यायचे. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “झालं. उद्या वर ये, दाखवतो.”

“मी गेले दुसऱ्या दिवशी,” जमनामावशी म्हणाली. “तर खुर्ची रिकामी. कोण म्हणे बदली झाली, कोण म्हणे तापाने पडला नि गावी नेला. पट्टेवाल्याने मला जिन्याखालूनच हाकललं. पोरींनी वर यायचं नाही म्हणाला. मग कोण येतंय? इथून पाच मिनिटांवर राहते गो मी, पण आज पहिल्यांदा वर आले.”

सुनंदाला हे काही माहीत नव्हतं. “आई, कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? न बघितलेल्या चित्राचं काय सांगायचं?”

मग ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं तिने, हातोडीकडेही बघितलं. “तू चित्रं शिकवतेस ना बाय? मग सांग, बरं काढलंय का त्याने?”

माझ्या मागे आमचे आठही जण उभे होते.  ‘हो मावशी, छान काढलंय’ म्हणणं किती सोपं होतं. पण तिने मला माझ्या धंद्यातलं विचारलं होतं, आणि मला खोटं बोलवेना.

“मावशी, मला दिसत नाहीये,” मी म्हटलं.

“तुला दिसत नाही?”

“नाही. आमच्यातल्या कोणालाच नाही.”

तिला आश्चर्य वाटलं, आणि मग माझी कीव आली असावी. तिने मला हाताने जवळ ओढलं आणि बोटाने हवेत दाखवायला लागली. “ही दोरी. इथून इथे गेलीय. हे माझे हात. बोटं नीट काढलीत. हे ठिगळ, माझ्या आयने घातलं होतं. आणि हे पाय… पाय बघ, केवढे मोठे काढलेत मेल्याने!” आणि ती आवाज काढून हसली. “असे नव्हते गो माझे पाय!”

वरून, खिडकीतून, खाली उभ्या मुलीचे पाय मोठे दिसणार नाहीत. लहान दिसतील. हे मला त्याही क्षणी सुचलं. नंतर सुचलं की तो खाली उतरला असेल, तिच्या मागे गुडघ्यांवर बसला असेल, पाय नीट बघायला. की पायच त्याला जमले नव्हते? मी हे तिला विचारलं नाही. ती उठली, भिंतीला नमस्कार वगैरे काही केला नाही, “चल,” म्हणाली सुनंदाला, आणि बसत बसत जिना उतरून गेली.

त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत एकाही माणसाने ते चित्र दिसल्याचं सांगितलं नाही. बातमी वाचून आलेली माणसं ‘कुठे आहे ते’ म्हणून शोधत होती आणि त्यांना काही दिसत नव्हतं. पाच वाजता चारोटीचे हॉटेलवाले बायकोला घेऊन आले. त्या पट्टीसमोर उभे राहिले आणि लाल झाले. “विकलंत ना? मी आधी सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याला दिलंत.” मी कितीही सांगितलं तरी त्यांना पटलं नाही. बायकोसमोर खोटे पडले होते ते. फुटलेल्या गिलाव्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे बघा, काढताना भिंत पण फोडलीत.” भिंत खरंच मीच फोडली होती. त्यांनी वहीत पानभर तक्रार लिहिली, आणि वही ठरल्याप्रमाणे कार्यालयात जमा झाली.

पुढच्या वर्षीसाठी अर्ज केला तेव्हा साहेबांनी ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. चित्राच्या विक्रीवरून वाद, वास्तूला इजा. “मॅडम, हे काय आहे?”  कुलूप पुन्हा लागलं ते आजपर्यंत आहे. आमचे नऊ जण पांगले. रमेशभाऊंचा अधूनमधून फोन येतो, केतनभाई रस्त्यात दिसले तर हात करतात, बाकीच्यांचं विचारू नका. मी त्या कारकुनाचा शोध घ्यायचा प्रयत्न केला. मीठ खात्याची जुनी हजेरीपुस्तकं कुठे असतील म्हणून तीन ठिकाणी विचारलं. तिन्ही ठिकाणी ‘रेकॉर्ड नाही’. त्याचं नाव जमनामावशीलाही माहीत नाही. तिने ते कधी विचारलंच नव्हतं.

लोक कारणं सांगतात. माझा भाऊ म्हणतो, पहिल्या पाहुण्याने भाषणात सांगितलं म्हणून बाकीच्यांना दिसायला लागलं. मग पाहुण्यांना कोणी सांगितलं? सुनंदाला? पाच जणांना तेच चौकोनी ठिगळ, तेही मधोमध? मिठाच्या डागांमध्ये आकार दिसतात, हेही मी स्वतःला सांगून बघितलं. त्या डागांसमोर मी तीन दिवस उभी होते. मला डागच दिसले. 

मी त्या मुलीचं चित्र काढायचा नाद सोडलेला नाही. पाय मोठे करून बघितले, लहान करून बघितले. मान जास्त वळवली, कमी वळवली. डोळे जमत नाहीत. मागे वळून बघताना ती त्या माणसाकडे कशी बघत असेल? पाचही जणांनी डोळ्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

शेवटी गेल्या महिन्यात मी धाकट्या डहाणूला सुनंदाच्या घरी गेले. जमनामावशी अंगणात सुकट निवडत बसली होती. मी शेजारी बसले, वही-पेन्सिल काढली, आणि म्हटलं, “मावशी, त्या चित्रातले डोळे कसे होते? तेवढं सांगा मला. कुठे बघत होती ती?”

तिने हात थांबवला. खरोखर आठवायचा प्रयत्न केला तिने, मी बघत होते. मग मान हलवली.

“नाही गो आठवत आता.”

“अहो, असं कसं? इतकी वर्षं वाट बघितलीत!”

“बघून झालं ना,” ती म्हणाली, आणि सुकटीतला एक काटेरी मासा उचलून बाजूला टाकला.